मानोऱ्याकडील तांडे : लमाणांच्या मुक्कामी जीवनाचा विचार

वऱ्हाडचा इतिहास आजपर्यंत बहुतेक किल्ल्यांच्या, कसब्यांच्या आणि देशमुख-देशपांडे यांच्या दप्तरांच्या आधारे लिहिला गेला. गाविलगड, नरनाळा, बाळापूर, कारंजे ही स्थळे त्यात वारंवार येतात. परंतु ह्या स्थळांना धान्य, मीठ व कापूस पोचविणारा जो समाज डोंगररानातून मुक्काम करीत हिंडत असे, त्याचे दप्तर कोठेही नाही. कारण दप्तर ठेवण्यास लागणारे घरच त्यास नव्हते. वाशीम जिल्ह्यातील मानोरे तालुका हा या समाजाचा विचार करण्यास फार सोईचा आहे. अरुणावती नदीचे खोरे, त्याच्या दोहों बाजूंच्या साग, धावडा, पळस, मोह यांच्या टेकड्या, आणि गावठाणापासून दूर, उतारावर वसलेले लमाणांचे तांडे, असे या भागाचे स्वरूप आहे. याच तालुक्यातील पोहरादेवी येथे संत सेवालाल महाराजांची समाधी आहे. तांडा म्हणजे मुळात वस्ती नव्हे, तर मुक्काम. आणि तो मुक्काम व्यवस्थाहीन भटकंतीचा नसून नियमबद्ध संस्थेचा होता, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखात आम्ही प्रयत्न करणार आहो.

प्रथम नावांचा घोटाळा दूर केला पाहिजे. आपल्या मराठी कागदांतून बैलांवर माल वाहणाऱ्या सर्वांसच सरसकट वंजारी म्हटलेले आढळते. आजचा शेतकरी वंजारी समाज व गोरबोली बोलणारा लमाण किंवा बंजारा समाज हे एक नव्हेत. इंग्रजी अंमलात वऱ्हाडच्या पोलिसखात्यातील कंबरलेज या अधिकाऱ्याने बंजाऱ्यांविषयी एक टिपण लिहिले. ते १८६९ च्या सुमारास प्रथम तयार झाले व १८८२ मध्ये पुन्हा छापले गेले, असे रसेल व हिरालाल यांनी आपल्या १९१६ च्या ग्रंथात सांगितले आहे. त्यात चारण, मथुरिया, लभाण व ढाडी असे चार भेद दिले आहेत. पैकी चारणांत राठोड, पवार, चव्हाण व जाधव म्हणजेच वडत्या ही कुळे प्रमुख होत. मानोऱ्याकडील तांड्यांतून आजही हीच आडनावे ऐकू येतात.

चारण दक्षिणेत केव्हा आले, याविषयी कंबरलेजने परंपरा नोंदविली आहे. इ. स. १६३० च्या सुमारास आसफखान वजिराच्या फौजेबरोबर भंगी व जंगी हे राठोड नाईक १,८०,००० बैल घेऊन, आणि भगवानदास वडत्या ५२,००० बैल घेऊन आले, असे ती सांगते. लोकांच्या घागरीतले पाणी, छपरावरचे गवत आणि दिवसाकाठी तीन खून यांची त्यांस माफी असल्याचा ताम्रपट मिळाला, असेही परंपरेचे म्हणणे आहे. ही कथा जशीच्या तशी स्वीकारणे शक्य नाही. परंपरेतील ताम्रपटात 'आसफजाह' असे नाव येते. ही पदवी लोकांच्या तोंडी बसली ती अठराव्या शतकातील निजामामुळे. दोन आसफांची सरमिसळ येथे झाली असण्याचा संभव आहे. बैलांचे आकडेही फुगविलेले असावेत. तथापि कथेचे मूळ पोकळ नाही. शाहजहानचा वजीर आसफखान १६३१ मध्ये विजापुरावर चालून गेला आणि रसद संपल्यामुळे त्यास वेढा उठवावा लागला, हे प्रसिद्ध आहे. ज्या मोहिमेचा निकाल धान्याने लागला, तिच्याशी धान्यवाहकांच्या आठवणी निगडित व्हाव्या, हे स्वाभाविकच होय. शिवाय पाणी आणि गवत यांचीच माफी मागितलेली आहे, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. मुक्काम चालविण्यास नेमके तेवढेच लागत असे.

तांड्याचा प्रत्यक्ष आकार कसा असे, याविषयी समकालीन पुरावा उत्तरेकडचा असला तरी बहुमोल आहे. जहांगीराने आपल्या आत्मवृत्तात बंजारे ही हजार-हजार बैल बाळगणारी ठराविक जात असून फौजेबरोबर असे लाखभर बैलही असतात, असे म्हटले आहे. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने १६३२ मध्ये आग्ऱ्याहून पाटण्यास जाताना १४,००० बैलांचा धान्याने लादलेला तांडा पाहिला. त्यात बायकामुलांसह सहा-सातशे माणसे असत, घरदार सर्व बरोबर असे, आणि दिवसाची मजल सहा-सात मैलांहून अधिक नसे, असे तो लिहितो.

सहा-सात मैल म्हणजे अवघे तीन कोस. इतकी मंद चाल आळसामुळे नव्हती. बैलाने वाटेत चरावे, म्हणजे त्याच्या वैरणीस कवडीही पडू नये, हा त्यातील हिशेब होता. घोड्यास दाणा लागतो, गाडीस रस्ता लागतो. लादलेल्या बैलास रानातील गवत व ओढ्याचे पाणी पुरते. लमाणी वाहतूक स्वस्त होती ती याच कारणाने. लदेणीचे म्हणजे लादणीच्या व्यापाराचे खरे भांडवल बैल नसून रान होते, असे आमचे मत आहे.

मुक्कामाची रचना पाहू गेले असता तीतही हीच काटकसर दिसते. गोणी उतरून त्यांची थप्पी रचावयाची, म्हणजे तीच भिंत व तीच कोठी. तिच्या आडोशास पाले ठोकावयाची. भोवती बैल बांधावयाचे. बाहेर शेकोट्या आणि राखणीस कुत्री. लमाणांची कुत्री शिकारीत व राखणीत नावाजलेली होती. वाघ-बिबट्यांच्या रानात त्यांच्यावाचून रात्र काढणे कठीणच. मुक्काम कोठे व किती दिवस करावयाचा, मालाचा सौदा कोणाशी करावयाचा, भांडणाचा निवाडा काय, हे सर्व नाईकाकडे असे. त्याच्या जोडीस कारभारी आणि वडीलधारी मंडळी बसत. आज ज्यास आपण पंचायत म्हणतो ती तांड्यात गावाच्या आधारावाचून उभी होती. प्रत्येक तांड्यात एक देवाचा बैल असे. त्यास हातादिया म्हणत. त्याच्यावर ओझे लादीत नसत. कवड्या, घुंगरू व रेशमी गोंडे यांनी त्यास शृंगारीत. रोगराई किंवा संकट आले म्हणजे तांडा या बैलाच्या मागोमाग जाई आणि तो बसेल तेथे मुक्काम करी. यास भोळा समज म्हणून हसणे सोपे आहे. परंतु शेकडो माणसांनी एकमताने जागा सोडावी व एकमताने जागा धरावी, याकरिता सर्वांस मान्य असा निवाडा लागतोच. तो येथे देवाच्या बैलावर सोपविलेला होता.

आता या मुक्कामी जीवनातील विसाव्याचा व करमणुकीचा विचार करू. आठ महिने वाट आणि चार महिने बसती, असे तांड्याचे वर्ष असे. पावसाळ्यात काळ्या जमिनीतून लादलेले बैल चालत नाहीत. तेव्हा टेकडीवर, निचऱ्याच्या जागी, गवत व पाणी पाहून चार महिने रानातच तळ पडे. अरुणावतीकाठच्या टेकड्या अशा तळास अनुकूल आहेत, हे त्या पाहणारास सांगावयास नको. लमाणांचे सण याच वर्षमानाप्रमाणे बसलेले आहेत, हे आम्हांस विशेष वाटते. तीज हा कुमारिकांचा सण श्रावणाच्या सुमारास येतो. त्यात टोपलीत गहू पेरून नऊ दिवस पाणी घालून वाढवितात व गाणी म्हणत फेर धरतात. ज्याला रोज कूच करावयाचे आहे, त्यास नऊ दिवस अंकुर जोपासता येत नाही. तेव्हा हा सण बसत्या तळाचाच असला पाहिजे. होळी मात्र फाल्गुनात, ऐन वाटचालीत येते. तिला एक रात्र, लाकडे, नगारा आणि लेंगी गीते एवढेच पुरते. लग्नेही पावसाळ्यात करीत, कारण एरवी जात वाटेवर असे, असे रसेल-हिरालाल यांच्या ग्रंथातून दिसते. याच काळात डुकरांची शिकार, ढाड्यांची कवने आणि वंशावळींचे कथन चाले. सारांश, रानातील चार महिने हे तांड्याचे घर, मंदिर व पाठशाळा होते.

या व्यवस्थेचा इतर वऱ्हाडास उपयोग काय झाला? १६७० मध्ये मराठ्यांनी कारंजे लुटले तेव्हा ती लूट चार हजार बैल-गाढवांवर लादून नेल्याचे वर्णन आहे. कारंजे मानोऱ्याच्या उत्तरेस, याच मुलुखाची पेठ होय. १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई जिंकली व १५ डिसेंबरला गाविलगड घेतला. त्या मोहिमेतील त्याच्या पत्रांत बंजाऱ्यांच्या धान्याची काळजी सतत दिसते. पुढे १८२५-२६ मध्ये विकाजी व पेस्तनजी यांच्या पेढीने वऱ्हाडचा कापूस मुंबईस पाठविला तो ५०० बैलांवर, १,२०,००० पौंड. म्हणजे दर बैलामागे २४० पौंड, सुमारे तीन बंगाली मण. वऱ्हाडी कापसाच्या कीर्तीचा आरंभ अशा रीतीने बैलाच्या पाठीवर झाला.

हे सर्व मोडले ते दोहों बाजूंनी. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्ये नागपुरास पोचली आणि लांब पल्ल्याचे ओझे तिने घेतले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूर-यवतमाळ हा अरुंद मार्ग कारंजे, दारव्हे यांवरून गेला व जवळचेही ओझे गेले. परंतु केवळ रेल्वेस दोष देणे अपुरे आहे. रेल्वेने ओझे नेले, तर राखीव जंगलांनी गवत नेले. चराईस परवाना व दर लागताच तीन कोसांच्या मजलेचा जुना हिशेब तुटला. ज्या आडवळणी गावांस रेल्वे कधीच शिवली नाही, तेथेही लदेणी परवडेनाशी झाली. त्यातच १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आला. त्याखाली निरनिराळ्या प्रांतांत लमाणांच्या शाखांची नोंद झाली. बादशहाच्या व कंपनीच्या फौजांना ज्यांनी पोसले, त्यांचेच हिंडणे संशयाचे कारण ठरले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. परंतु 'भटके म्हणून बेबंद' हा समज अनेक ग्रंथांतून तसाच राहिला. वरील विवेचनावरून तो निराधार ठरतो, असे आम्ही म्हणतो.

तांडे मग जेथे पावसाळी तळ असत तशाच जागी, डोंगरउतारावर, गावाच्या शिवेबाहेर स्थिरावले. पुष्कळ तांड्यांस नाईकाचे नावच राहिले. पोहरादेवीचे महत्त्व या दृष्टीने पाहावे. सेवालाल महाराजांचा जन्म परंपरेने १५ फेब्रुवारी १७३९ रोजी, आंध्रातील गुत्तीच्या मुलुखात मानितात. त्यांनी दिग्रसजवळील रुई येथे देह ठेवला व पोहरा येथे समाधी झाली, असेही परंपरा सांगते. इतक्या दूरवर फिरणाऱ्या लदेणीच्या नायकाची समाधी या रानात व्हावी, यावरूनच हा मुलुख तांड्यांच्या वाटेवर होता, असे अनुमान निघते. ज्यांस गाव नव्हते त्यांनी आपले एक स्थिर ठिकाण मानले, आणि ते समाधीच्या रूपाने. रामनवमीच्या यात्रेस निरनिराळ्या प्रांतांतून लोक येथे जमतात, तेव्हा जुन्या वाटांचा नकाशाच जणू एका दिवसापुरता उलगडतो. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी येथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले, ही समाधानाची गोष्ट होय.

परंतु संग्रहालयात वस्तू राहतात; वाटा राहत नाहीत. प्रत्येक तांड्याचा मूळ नाईक कोण, तो कोणत्या घाटाने आला, पावसाळी तळ कोठे असे, मीठ कोठून व कापूस कोठे नेत, हे ढाडी, भाट व वृद्ध नाईक यांच्या मुखातच आहे. ते गोरबोलीत, सांगणाराच्या शब्दांत, तांड्यागणिक उतरवून महसुली नकाशाशी व जुन्या पेठांच्या हिशेबांशी ताडून पाहिले, तर वऱ्हाडच्या इतिहासातील एक मोठे रिकामे पान भरून निघेल. मानोरे तालुक्यापासून या कामास आरंभ व्हावा, अशी इतिहासप्रेमी मंडळींस आमची विनंती आहे. ज्या समाजाने दप्तर ठेवले नाही त्याचे दप्तर मनुष्यांतच असते, आणि ते कागदापेक्षा लवकर नष्ट होते.