साध्या शिपायाचे नाव

आपल्या सोलापूर जिल्ह्यातील आष्टी हे गाव आपणांपैकी अनेकांनी पाहिले असेल. ता. २० फेब्रुवारी १८१८ रोजी तेथील लढाईत पेशव्यांचे सेनापती बापू गोखले धारातीर्थी पडले. त्यांचे नाव आपणांस ठाऊक आहे. पण त्यांच्याबरोबर जे साधे स्वार पडले, त्यांपैकी एकाचे तरी नाव आपल्याला सांगता येईल काय?

आपल्या पूर्वजांना शिपायाची कदर नव्हती असे नाही. गावोगावी देवळापाशी वीरगळ उभे असतात. खाली लढाई, मध्ये वीराला स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य. चंद्रसूर्य असेतो कीर्ती राहावी, हा त्यातील भाव. पण बहुतेक वीरगळांवर लेख नाही. शौर्य राहिले, नाव गेले.

युरोपातही लढाईनंतर साध्या शिपायांना एकाच खड्ड्यात पुरीत असत. ही रीत बदलू लागली ती गेल्या शतकाच्याही आधीपासून. अमेरिकेच्या यादवी युद्धात १ ते ३ जुलै १८६३ या तीन दिवसांत गेटिसबर्ग येथे घनघोर रणकंदन झाले. तेथेच मृतांसाठी राष्ट्रीय स्मशानभूमी आखण्यात आली व ता. १९ नोव्हेंबर रोजी तिचे समर्पण झाले. त्या प्रसंगी मुख्य वक्ते दोन तास बोलले. अध्यक्ष लिंकन जेमतेम दोनतीन मिनिटे. आज जगाला आठवतात ती ही दोनतीन मिनिटेच. त्या भूमीत अधिकारी आणि शिपाई यांच्या थडग्यांत भेद केलेला नाही.

पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, ब्रिटिश साम्राज्याने युद्धसमाधींसाठी आयोग नेमला. प्रत्येक मृताचे नाव दगडावर कोरावयाचे. हुद्दा, वंश, धर्म यांवरून भेद करावयाचा नाही, हे त्याचे तत्त्व. ते पाहावयास दूर जावयास नको. पुण्याजवळ खडकी येथे या आयोगाची स्मशानभूमी आहे. पश्चिम व मध्य भारतात विखुरलेल्या ज्या थडग्यांची कायम निगा राखणे शक्य नव्हते, ती येथे एकत्र आणली गेली. दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ जण येथे विसावले आहेत. जून १९६२ मध्ये मुंबईच्या शिवडी स्मशानभूमीतून पहिल्या महायुद्धातील ६२९ जणांचे अवशेषही येथे आणण्यात आले. एकसारख्या दगडांच्या त्या रांगांतून हिंडताना मन गंभीर होते.

परंतु हे तत्त्व आमच्या शिपायापर्यंत पोचले काय? हिंदू शिपायाचे दहन होई. त्याचे थडगे नसे. म्हणून त्याचे नाव स्मारकावर येणे अधिकच अगत्याचे. मेसोपोटेमियात कूत येथील वेढ्यात ११० व ११७ या मराठा पलटणी अडकल्या होत्या, ता. २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील सैन्य शरण गेले. त्या आघाडीवरील मृतांसाठी १९२९ मध्ये बसरा येथे स्मारक उभारले गेले. त्यावर ब्रिटिश शिपायाचे नाव कोरले. हिंदी अधिकाऱ्याचेही कोरले. हिंदी शिपायाची मात्र पलटणवार केवळ संख्या दिली. एप्रिल २०२१ मध्ये आयोगाने आपल्याच अहवालात अशा भेदभावाची कबुली देऊन क्षमा मागितली.

हाच प्रकार आपल्या घराजवळही आढळतो. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने खेडोपाडी शिळा बसविल्या : या गावातून इतके गेले, इतके मेले. साताऱ्याजवळील अपशिंगे गावचे ४६ जण त्या युद्धात कामी आले. आकडा खरा आहे. पण आईने मुलाला हाक मारली ती आकड्याने नव्हे.

परकीय सत्तेने जे केले नाही, ते आपण तरी केले आहे काय? त्या युद्धाची पदके अजून काही घरांच्या पेट्यांत असतील. पदकाच्या कडेवर बारीक अक्षरांत शिपायाचे नाव कोरलेले असते. ते वाचावे, उतरून घ्यावे आणि गावच्या शिळेपाशी त्याची पाटी लावावी. एवढे काम आपल्या हातचे आहे.