बारीक माणसाची लपलेली चरबी

आजची गोष्ट बीएमआयची. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं, की झाला बीएमआय.

हे गणित मांडलं बेल्जियमच्या अडॉल्फ केटले यांनी, 1832 च्या सुमारास. गंमत म्हणजे ते डॉक्टर नव्हतेच! गणित आणि खगोलशास्त्र हे त्यांचे विषय. त्यांना शोधायचा होता 'सरासरी माणूस'. पुढे 1972 मध्ये अमेरिकेच्या अँसेल कीज यांनी त्याला बॉडी मास इंडेक्स हे नाव दिलं आणि ते दवाखान्यांत रुळलं.

पण भारतीय शरीराने हा हिशेब चुकवला. 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दोन डॉक्टरांचा फोटो आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय सेम, 22.3. आणि चरबी? युडकिन 9.1 टक्के, याज्ञिक 21.2 टक्के!

याची मुळं जन्माआधीच सापडतात. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. आपली बाळं हलकी, पण स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने जास्त. पुढे बैठं काम, वडापाव, कोल्ड्रिंक आलं की चरबी पोटात साठते, इन्सुलिनचं काम अडतं आणि डायबेटिस लवकर गाठतो.

म्हणून भारतात 25 ऐवजी 23 पासूनच जास्त वजन धरतात. आणि 'मी तर बारीक आहे' म्हणणाऱ्यांनो, टेप घ्या, कंबर मोजा. पुरुषांना 90 सेंटिमीटर, बायकांना 80. त्यापुढे गेलात तर साखर तपासून घ्या. भेटू पुढच्या भागात!