इसेचे नित्यनूतन देवालय

देवालयाचे प्राचीनत्व सामान्यतः त्याच्या झिजलेल्या पायऱ्यांवरून आणि काळवंडलेल्या दगडांवरून ओळखले जाते. जपानमधील इसे येथे मात्र ही खूण उपयोगी पडत नाही. शिंतो धर्माचे हे सर्वश्रेष्ठ क्षेत्र. सूर्यदेवता आमातेरासू हिचे तेथे अधिष्ठान आहे. यात्रेकरू लाकडी उजी पूल ओलांडतो, इसुझु नदीच्या काठी हात-तोंड धुतो आणि उंच वृक्षांच्या छायेतून देवालयाच्या द्वाराशी येतो. तेथे पांढरा पडदा लोंबत असतो. त्यापलीकडे सर्वसामान्यांस प्रवेश नाही. दोनदा वाकून, दोनदा टाळी वाजवून आणि पुन्हा एकदा वाकून तो परततो. त्याने वंदिलेली वास्तू मात्र वीस वर्षांहून जुनी नसते!

दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेत हुबेहूब तसेच देवालय उभारायचे, रात्रीच्या अंधारात देवतेला तेथे न्यायचे आणि जुने उतरवायचे, असा हा परिपाठ आहे. त्याचा आरंभ सम्राज्ञी जितो हिच्या काळी, इ. स. ६९० मध्ये झाला. हिनोकी वृक्षाचे बिनरंगी खांब थेट जमिनीत पुरलेले, वर गवताचे छप्पर. अशी वास्तू दमट हवेत फार काळ टिकणारी नव्हे. परंतु वीस वर्षांच्या या अवधीमुळे एक मोठा लाभ झाला. ऐन तारुण्यात हाताखाली राबलेला सुतार पुढच्या खेपेस स्वतः काम करतो आणि त्यापुढच्या खेपेस इतरांना शिकवतो. तरवारी, वस्त्रे, आरसे अशा सुमारे दीड हजार वस्तूही नव्याने घडवल्या जातात.

ही साखळी एकदा तुटली होती. पंधराव्या शतकात यादवी माजली, खर्चासाठी येणारा कर आटला आणि एकशेवीस वर्षांहून अधिक काळ मुख्य देवालये नव्याने उभी राहिली नाहीत. तेव्हा केइकोइन मठातील भिक्षुणी पुढे सरसावल्या. सेइजुन या भिक्षुणीने द्रव्य जमवले आणि १५६३ साली बाह्य देवालय उभे राहिले. आंतरदेवालयाचा योग १५८५ साली आला. बौद्ध भिक्षुणींनी शिंतो देवस्थान सावरावे, ही त्या इतिहासातील हृद्य घटना होय.

दुसऱ्या महायुद्धानंतरही असाच प्रसंग ओढवला. धर्म आणि शासन यांची फारकत झाली होती, देश विपन्न होता. १९४९ चा विधी लांबला; तो लोकांच्या देणग्यांतून १९५३ साली पार पडला. बासष्टावे पुनर्निर्माण २०१३ साली झाले. २०३३ च्या विधीची तयारी २०२५ मध्येच सुरू झाली.

उतरवलेले लाकूडही वाया जात नाही. मुख्य आढ्याचे खांब उजी पुलाच्या दोन्ही टोकांच्या कमानी होतात आणि आणखी वीस वर्षांनी अन्य ठिकाणी कमानी म्हणून उभे राहतात. नव्या खांबांसाठी १९२३ साली देवस्थानाच्या वनाची दोनशे वर्षांची योजना आखण्यात आली आणि त्यानुसार लागवड सुरू झाली. त्या रोपांचे महावृक्ष झालेले पाहणे लावणाऱ्यांपैकी कोणाच्याही नशिबी नव्हते. ते ठाऊक असूनही त्यांनी ती लावली.