पहिली महिला परिषद आणि आपले पुणे

आयर्लंडमध्ये १९०८ साली मार्गारेट कझिन्स या बाईंनी मैत्रिणींच्या साहाय्याने स्त्रियांच्या मताधिकारासाठी संस्था काढली. त्या हक्कापायी त्यांनी तुरुंगवासही सोसला. १९१५ साली त्या हिंदुस्थानात आल्या. त्यांच्याच पुढाकाराने जानेवारी १९२७ मध्ये आपल्या पुण्यात, फर्ग्युसन कॉलेजात, अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. अध्यक्षस्थानी बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई होत्या.

भूमी मात्र येथे आधीच नांगरलेली होती. भिडे वाड्यातील फुले दांपत्याची मुलींची शाळा १८४८ ची. रमाबाई रानडे यांचे पुण्यातील सेवासदन १९०९ चे.

परिषदेचा विषय होता मुलींचे शिक्षण. परंतु कोवळ्या वयात लग्न झालेली मुलगी शाळेत राहणार किती दिवस? म्हणून बालविवाहाचा प्रश्न टाळता येईना. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय १४ ठरविले. १९७८ पासून ते १८ आहे.

तथापि भगिनींनो, कायदा झाला म्हणजे काम संपले असे नव्हे. शेजारच्या मुलीची शाळा मध्येच सुटू नये, हे पाहणे कायद्याहून अधिक आपल्याच हाती आहे. मंडळे त्याकरिताच असतात.