माणशी किती धूर? ब्रिटनचा आलेख आणि आपला हिशोब

पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

हवामानबदलाचा विषय निघाला की माझ्या ओळखीच्या लोकांत हमखास दोन गट पडतात. एक म्हणतो, "कार्बन सोडण्यात भारत जगात तिसरा आहे, आपण कुठल्या तोंडाने बोलणार?" दुसरा म्हणतो, "ब्रिटनने बघा, कोळशाची वीजच बंद केली. आपल्याला का नाही जमत?" दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही अर्धवट आहेत. मला कुणी एका वर्षाचा आकडा दिला की त्याच्या मागची शंभर-दीडशे वर्षं बघायची खोड आहे. म्हणून आज ब्रिटनचा आलेख मांडतो.

मोजमाप साधं आहे. देशाने वर्षभरात कोळसा, तेल, गॅस जाळून आणि सिमेंट बनवून जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडला, त्याला लोकसंख्येने भागायचं.

1850 साली ब्रिटनमध्ये हा आकडा माणशी साधारण साडेचार टन होता. आपल्याकडे बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटायला तेव्हा अजून तीन वर्षं होती. आज, म्हणजे पावणेदोनशे वर्षांनी, भारताचा आकडा माणशी दोन टनांच्या थोडा वर आहे. भारत तिसरा आहे तो माणसं 140 कोटींहून जास्त आहेत म्हणून. माणशी हिशोब केला तर जगाच्या सरासरीच्या निम्म्यालाही आपण पोचत नाही.

पुढे ब्रिटनचा आलेख चढतच गेला. 1913 मध्ये तिथल्या खाणींनी 29 कोटी टनांच्या आसपास कोळसा काढला, तो उच्चांक ठरला. माणशी उत्सर्जन तोवर दहा टनांच्या घरात गेलं होतं. त्यानंतर आलेखात दोन खोल खड्डे दिसतात, 1921 आणि 1926. हवामानाशी त्यांचा काही संबंध नाही. त्या वर्षी खाणकामगार आणि मालक यांच्यात मजुरीवरून संघर्ष पेटला आणि खाणी महिनोन्महिने बंद राहिल्या. 1984-85 च्या संपाच्या वेळीही एक छोटा खड्डा आहे. नुसत्या कार्बनच्या आलेखात कामगारांचा इतिहास असा उमटलेला दिसतो, हे मला फार बोलकं वाटतं.

डिसेंबर 1952 मध्ये लंडनवर विषारी धुक्याची चादर पसरली. त्या वेळच्या अंदाजाने चार हजार माणसं गेली, नंतरच्या अभ्यासांनी हा आकडा बारा हजारांपर्यंत नेला. 1956 मध्ये स्वच्छ हवेचा कायदा आला. शहरातली हवा सुधारत गेली, पण कार्बन लगेच कमी झाला नाही. 1970 च्या सुमाराला माणशी आकडा बारा टनांजवळ पोचला आणि तिथून उतरण लागली.

ही उतरण कशामुळे? उत्तर एक नाही. उत्तर समुद्रात गॅस सापडला. 1980 च्या दशकात खाणी आणि जड उद्योग बंद पडत गेले, गावंच्या गावं बेकार झाली. 1990 नंतर वीजकंपन्या खासगी झाल्या आणि त्यांनी स्वस्त पडणाऱ्या गॅसवरची केंद्रं उभारली. मग 2008 चा हवामान कायदा, कार्बनवरचा कर आणि समुद्रातल्या पवनचक्क्या. 2012 मध्ये तिथली सुमारे 40 टक्के वीज कोळशाची होती. 30 सप्टेंबर 2024 रोजी रॅटक्लिफ इथलं शेवटचं कोळसा वीजकेंद्र बंद झालं. आज माणशी आकडा साडेचार टनांच्या आसपास आहे, म्हणजे साधारण 1850 चाच!

हे यश खरं आहे, त्याला कमी लेखू नका. पण त्याच 30 सप्टेंबरला अजून एक भट्टी विझली. वेल्समधल्या पोर्ट टॅलबटची टाटा स्टीलची शेवटची झोतभट्टी. जुन्या पद्धतीने एक टन पोलाद बनवताना साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड निघतो, त्यामुळे ब्रिटनचा आकडा अजून खाली येणार. त्याच सप्टेंबरमध्ये टाटा स्टीलने ओडिशात कलिंगनगरला नवी, प्रचंड झोतभट्टी सुरू केली. एक बंद करून दुसरी उघडली असं नाही, दोन्ही निर्णयांची कारणं वेगळी आहेत. पण ब्रिटनला पोलाद तर लागणारच. ते बाहेरून आलं की त्याचा धूर बनवणाऱ्या देशाच्या खात्यावर चढतो. वापरलेल्या मालाप्रमाणे हिशोब केला, तर ब्रिटनचा आजचा माणशी आकडा जवळपास दीडपट होतो.

आता कुणी म्हणेल, मग आपण खुशाल जाळू या, अजून कोटा शिल्लक आहे. इथेच माझं दुमत आहे. 'माणशी सरासरी' हे हत्यार आपण लंडनसमोर उगारतो, पण घरात ते म्यानातच ठेवतो. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता 2920 मेगावॅट आहे. तिथून पडघ्यापर्यंत साडेसातशे किलोमीटरची उच्चदाब वाहिनी 1999 पासून वीज पश्चिमेकडे आणते. राख आणि धूर चंद्रपूरला, एसी मुंबई-ठाण्याला. दोन टनांच्या सरासरीत मेळघाटातलं घरही बसतं आणि मलबार हिलचंही.

ब्रिटनच्या आलेखातून मी दोन गोष्टी घेतो. एक, जगाच्या टेबलावर माणशी हिशोब आणि जुना हिशोब मागायचा आपला हक्क रास्त आहे, तो सोडायचा नाही. दोन, कोळशावर जगणाऱ्या माणसांची सोय आधी लावली नाही, तर उतरणीचा सगळा भार त्यांच्यावरच पडतो. वेल्स आणि यॉर्कशायरच्या खाणगावांनी तो सोसला. बल्लारपूर, घुग्घुस, वणी या पट्ट्यातल्या कोळसा खाणीही कधी ना कधी थांबणार आहेत. तिथल्या तरुणांसाठी पुढच्या वीस वर्षांची काय योजना आहे, हे आपल्या आमदार-खासदारांना आत्ताच विचारायला हवं.

चंद्रपूर-वणीकडचे कुणी वाचत असतील, तर कमेंटमध्ये जरूर लिहा. तुमच्याकडचं चित्र मला समजून घ्यायचंय.