झोन : कमरेचा पट्टा

होसकोटे म्हणजे कन्नडमधला ‘नवा कोट’. आदिलशाहीने शहाजीराजांना बंगळूरच्या जहागिरीबरोबर दिलेला हा मुलूख आज बंगळूरजवळचा तालुका आहे. पिळ्ळगुंपे औद्योगिक वसाहतीतले कारखाने इथलेच. जमिनीचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, झोन कोणता? ग्रीन, रहिवासी की औद्योगिक?

हा ‘झोन’ मूळचा ग्रीक. ‘झोने’ म्हणजे कमरपट्टा. ग्रीकांनी पृथ्वीचे पाच आडवे पट्टे कल्पिले, मधला उष्ण, टोकांचे दोन थंड आणि त्यांच्यामधले दोन समशीतोष्ण. तिथून लॅटिन ‘झोना’ आणि मग इंग्रजी ‘झोन’. आपल्या भूगोलाच्या पुस्तकातला ‘कटिबंध’ आठवा : कटी म्हणजे कंबर, बंध म्हणजे पट्टा. शब्द घडवणाऱ्याने मूळ चित्र जसेच्या तसे जपले, याचे मला फार कौतुक वाटते.

कन्नडने दुसरा दागिना निवडला. बंगळूर शहराच्या प्रशासकीय झोनला तिथे ‘वलय’ म्हणतात, म्हणजे संस्कृतातले कडे, कंकण. शहराचा भाग कंकणाने वेढलेला! मराठी कारभारात पोलीस आणि महावितरण ‘परिमंडळ’ म्हणतात. त्यातही गोलाई आहेच.

होसकोट्याच्या नावातला कोटही वेढणाराच. नकाशावर झोनची रेघ दिसली, तर हा कमरपट्टा जरूर आठवा.