हवा गुणवत्ता व्यवस्थापन आयोग

दिल्ली, राष्ट्रीय राजधानी क्षेत्र व लगतच्या प्रदेशातील हवेच्या गुणवत्तेसाठी केंद्र शासनाने स्थापलेली वैधानिक संस्था.

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९८ मध्ये नेमलेल्या पर्यावरण प्रदूषण (प्रतिबंध व नियंत्रण) प्राधिकरणाची जागा आयोगाने घेतली. २०२० मध्ये वटहुकूम निघाला व २०२१ मध्ये कायदा झाला. दिल्लीसह पंजाब, हरयाणा, राजस्थान व उत्तर प्रदेश या राज्यांतील लगतचे प्रदेश आयोगाच्या कक्षेत येतात.

हिवाळ्यात वारा मंदावतो व तापमान व्युत्क्रमणामुळे (पहा : तापमान व्युत्क्रमण) धूर जमिनीलगत कोंडतो, त्यात वाहने व वीटभट्ट्यांचा धूर, बांधकामाची धूळ आणि लगतच्या राज्यांत भाताचे खुंट जाळल्याचा धूर मिसळतो. त्यामुळे एका शहरापुरते उपाय अपुरे पडतात. हवा गुणवत्ता निर्देशांक २०० च्या वर गेल्यावर आयोगाची चार टप्प्यांची प्रतिसाद योजना लागू होते. ४५० च्या पुढे चौथा टप्पा येतो. टप्प्यागणिक डिझेल जनित्रे, बांधकामे व मालमोटारींचा दिल्लीप्रवेश यांवरील निर्बंध वाढतात. आदेशभंगास ५ वर्षांपर्यंत कैद किंवा १ कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. खुंट जाळणाऱ्या शेतकऱ्यांना ही शिक्षा लागू नाही. त्यांच्याकडून पर्यावरण भरपाई घेता येते.

राज्यांच्या सीमा ओलांडून हवेचे नियमन करणारी वैधानिक यंत्रणा असल्याने आयोगाचे महत्त्व मोठे आहे. प्रदूषित हवेतील सूक्ष्मकणांचा (पीएम २.५) श्वसनविकार व हृदयविकारांशी निकटचा संबंध आहे. पीएम २.५ ची भारतीय वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम, तर जागतिक आरोग्य संघटनेची ५ मायक्रोग्रॅम आहे. (पहा : वायुप्रदूषण, धुरके)